टेबलावरील ज्वालामुखी

शाळेच्या प्रयोगशाळेंतील ‘ज्वालामुखी’ आपणांपैकीं कित्येकांनीं पाहिला असेल. अमोनियम डायक्रोमेटच्या नारिंगी ढिगास पेटती काडी लावली कीं ठिणग्या उडतात आणि हिरवी राख फुलून येते. येथें बाहेरच्या हवेची गरज नसते. अमोनियमांतील हायड्रोजनला लागणारा प्राणवायु त्याच स्फटिकांत असतो. नायट्रोजन व वाफ निघून जातात, क्रोमियम ऑक्साइड मागें उरतें. गंमत अशी कीं, ढीग दिसावयास वाढतो, पण १०० ग्रॅमांचे सुमारें ६०च उरतात! मात्र अर्धवट राहिलेले नारिंगी कणहि राखेबरोबर उडतात, आणि ते श्वासावाटें गेल्यास कर्करोगाचा धोका असतो. हा खेळ घरीं नको. शाळेंतहि धूर ओढून नेणाऱ्या बंदिस्त कपाटांतच करावा.