क्षिप्रेचा मराठी कादंबरीकार



शताब्दीच्या या मंगल प्रसंगी एखाद्या कादंबरीकाराच्या जीवनाचा व कार्याचा परामर्श घ्यावा, अशी आयोजकांची सूचना होती. फ्रीगंजात उभे राहून हे बोलायचे, तर आपल्या नदीचेच नाव ज्याने मराठी कादंबरीला दिले त्या शरच्चंद्र मुक्तिबोधांकडे प्रथम वळणे उचित ठरेल.

'मुक्तिबोध' म्हटले की माळव्यात डोळ्यांसमोर येतात ते गजानन माधव. 'तारसप्तक'चे कवी आणि आधुनिक हिंदी कवितेचे एक शिखर. शरच्चंद्र हे त्यांचे धाकटे बंधू. थोरल्यांचा जन्म 1917 साली श्योपूर येथे झाला, धाकट्यांचा 1921 साली इंदूर येथे. वडील ग्वाल्हेर संस्थानच्या पोलीस खात्यात होते. घराची भाषा मराठी. एकाच घरात वाढलेल्या या दोघांपैकी एकाने हिंदी जवळ केली, दुसऱ्याने मराठी. यात कोणी घर सोडले आणि कोणी राखले, असा हिशेब मांडणे मला अन्यायाचे वाटते. संस्थानी राजवटीतील मराठी माणसाला दोन्ही दारे उघडी होती, एवढाच याचा अर्थ.

पुढे दोघेही नागपूरला आले. 1956 पर्यंत नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. तेथे हिंदी आणि मराठी शेजारी शेजारी नांदत होत्या. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि नागपूर मुंबई राज्यात गेले. 1958 मध्ये गजानन माधव प्राध्यापक म्हणून राजनांदगावला गेले; शरच्चंद्र नागपुरातच राहिले व तेथेच मराठीचे अध्यापन करीत राहिले.

'नवी मळवाट' (1949) आणि 'यात्रिक' (1957) या संग्रहांमुळे कवी म्हणून त्यांची ओळख झाली. मार्क्सवादी जीवनदृष्टी त्यांनी मनःपूर्वक स्वीकारली होती. मात्र त्यांच्या प्रतिभेला विस्तीर्ण अवकाश लाभला तो कादंबरीत. 'क्षिप्रा' (1954), 'सरहद्द' (1962) आणि 'जन हे वोळतु जेथे' (1969) अशी ही त्रयी. 1942 च्या आंदोलनाच्या पार्श्वभूमीवर बिशू या मध्यमवर्गीय तरुणाच्या मनाची घडण तीत येते. स्वतःपुरते जगणारे मन समूहाशी नाते कसे जोडते, आणि ते जोडताना त्याला काय सोसावे लागते, हा या लेखनाचा गाभा आहे. कालिदासाने 'मेघदूता'त शिप्रेवरच्या वाऱ्याचे कौतुक केले. शरच्चंद्रांनी तिच्या नावाखाली एका अस्वस्थ पिढीचे अंतरंग मांडले.

याच चिंतनाचे शास्त्रीय रूप त्यांच्या 'सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य' या ग्रंथात आढळते. साहित्याचे मूल्य ठरविताना त्यांनी 'मानुषता' ही कल्पना मध्यवर्ती मानली. कलाकृती माणसाच्या माणूसपणाला किती खोलवर भिडते, हा प्रश्न त्यांनी सौंदर्याच्या प्रश्नापासून तोडू दिला नाही. या ग्रंथाला 1979 चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. 1984 मध्ये त्यांचे निधन झाले.

वाचकहो, आता थोडे आपल्याविषयी. थोरल्या मुक्तिबोधांना हिंदीचा विशाल वाचकवर्ग सांभाळील. धाकट्यांचे काय? महाराष्ट्राच्या दृष्टीने त्यांच्या लेखनाची ही भूमी दूरची, आणि आपल्या घरांतील नवी पिढी मराठी बोलते, पण वाचताना अडखळते. अशा स्थितीत 'क्षिप्रा' निदान क्षिप्रेकाठी तरी वाचली जावी, ही जबाबदारी आपल्यासारख्या ग्रंथालयावरच येते. पुस्तक कपाटात असणे पुरेसे नाही. ते वर्षाकाठी दोन-चार हातांतून फिरले पाहिजे.

माझी नम्र सूचना एवढीच की, दोन्ही बंधूंचे ग्रंथ येथे एकाच फळीवर शेजारी ठेवावेत. थोरल्यांचे पुस्तक न्यायला आलेल्या तरुणाचा हात कधीतरी धाकट्यांच्या पुस्तकाकडेही जाईल. संस्थेच्या दुसऱ्या शतकास शुभेच्छा देऊन आपली रजा घेतो.