बहिणाबाई तेरा वर्षांच्या होत्या

(जळगाव-धुळे भागातील कार्यकर्त्या आणि शिक्षिका यांच्यापुढे केलेले भाषण)



आज मला हायस्कूलच्या मुलींच्या नाटकांविषयी बोलायचे आहे. हुंडा, मारहाण, रेशन, मजुरी हे सगळे सोडून हिने गॅदरिंगची गोष्ट कुठे काढली, असे काहीजणींच्या मनात येईल. पण नाटक आपल्या चळवळीला नवे नाही. १८५५ साली जोतीराव फुल्यांनी शिक्षणाचे महत्त्व सांगायला 'तृतीय रत्न' हे नाटकच लिहिले. १९८३ साली स्त्री मुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकर यांचे 'मुलगी झाली हो' आणले. १९८९ मध्ये सुषमा देशपांडे 'व्हय, मी सावित्रीबाई' घेऊन उभ्या राहिल्या. मोठ्या बायकांशी बोलायला आपण नाटक वापरले. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीच्या हाती मात्र ते कितीसे दिले?

आपल्याकडे शाळांची संमेलने साधारण डिसेंबर-जानेवारीत होतात. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती असते. या दिवसांत मुलींच्या वाट्याला कोणती पात्रे येतात ते आठवून बघा. भारतमाता, जिजाऊ, आई, नवी नवरी, आणि खान्देशात हमखास बहिणाबाई. डोक्यावर पदर, पुढ्यात जाते, ओठांवर गाणे. टाळ्या पडतात, पडदा पडतो.

या बहिणाबाई कोण होत्या? १८८० साली जळगावजवळच्या असोद्यात जन्मल्या. तेराव्या वर्षी जळगावच्या चौधरींकडे सून म्हणून आल्या. तिशीत वैधव्य आले. लिहिता-वाचता येत नव्हते. मुलाने, त्याच्या मावसभावाने ऐकून उतरवून ठेवले म्हणून कविता वाचल्या. त्या १९५१ मध्ये गेल्या आणि पुस्तक निघाले १९५२ मध्ये. २०१८ साली इथल्या विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. यातले किती आपण रंगमंचावर आणतो? जाते आणतो. तेराव्या वर्षीचे लग्न आणत नाही, तिशीतली विधवा आणत नाही, घरी ज्यांना कोणी पाटी दिली नाही ती मुलगीही आणत नाही.

आणि जात्यापुढे बसलेली ती आठवीतली मुलगी किती वर्षांची असते? तेरा. ज्या वयात बहिणाबाई सासरी गेल्या, नेमक्या त्याच वयाची.

ही जुन्या काळची गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. धुळे जिल्ह्यात हेच प्रमाण सुमारे ४० टक्के होते. म्हणजे जिच्या अंगावर आपण बहिणाबाईंचे लुगडे चढवतो, तिच्या वर्गात पुढच्या दोन-चार वर्षांत कोणाकोणाचा साखरपुडा होणार आहे. ते तिला माहीत असते, बाईंना माहीत असते, पहिल्या रांगेत बसलेल्या पाहुण्यांनाही माहीत असते.

नाटकाची ताकद इथे आहे. 'मला इतक्यात लग्न करायचे नाही' हे वाक्य घरात बापासमोर बोलायची अनेकींची छाती होत नाही. तेच वाक्य दुसरीचे नाव घेऊन, उजेडात, माईकपुढे उभे राहून म्हणता येते. बाप समोर सतरंजीवर बसलेला असतो आणि त्याला ते ऐकून घ्यावे लागते. एका नाटकाने लग्न थांबते असे मी म्हणणार नाही. पण एकदा मोठ्याने म्हटलेले वाक्य तोंडात राहते. पुढे कधी तरी ते स्वतःच्या नावाने म्हणायचे असते.

आपल्या मुलींना हे सगळे नवे शिकवावे लागेल असेही नाही. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईची गाणी म्हणतात, त्यांत सासू असते, सून असते, माहेरची ओढ असते, टोमणे असतात. आखाजीला झोक्यावर गाणी चालतात. संवाद आणि सोंग त्यांच्या अंगात आहे. फक्त शाळेच्या नाटकात त्यांना दुसऱ्याने छापलेली वाक्ये पाठ करायला देतात. आणि अहिराणी? ती गड्याच्या किंवा मोलकरणीच्या तोंडी, हसवण्यापुरती. चोपडा, यावल, शिरपूरकडच्या पावरा आणि भिल्ल मुलींच्या भाषेला तेवढीही जागा नाही. ज्या भाषेत मुलगी रडते-भांडते, ती भाषा फक्त विनोदाला ठेवली, तर तिच्या रडण्याचाही विनोदच होणार.

विनोदावरून मुलग्यांचे सांगते. बालगंधर्व स्त्रीभूमिका करत तेव्हा प्रेक्षक भारावून बघत. नाटकात बाईच्या भूमिका बायकांनी करणे मराठी रंगभूमीवर रुजू लागले ते पुढे. हिराबाई बडोदेकरांनी १९२९ मध्ये स्वतःची नाटक मंडळी काढली, १९३३ च्या 'आंधळ्यांची शाळा'त ज्योत्स्ना भोळे उभ्या राहिल्या. आज गॅदरिंगमध्ये मुलगा साडी नेसतो तो केवळ हशा मिळवायला. बाई होणे ही हसण्याची गोष्ट आहे, एवढेच मुले त्यातून शिकतात. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८४२ मुली होत्या. त्या मोजणीतली धाकटी मुले आज हायस्कूलच्या वयाची आहेत. न जन्मलेल्या बहिणींचे नाटक करायचे तर याच मुलग्यांना बरोबर घेऊन करावे लागेल.

आता सगळ्यांत साधी अडचण. तालीम शाळा सुटल्यावर होते. गावाकडच्या मुलीला एस.टी.चा मोफत पास आहे, काही तालुक्यांत मानव विकासची निळी बस आहे. पण गाडी शाळेच्या वेळेला धरून सुटते. ती चुकली की पोरगी अडकली. म्हणून नाटकात गावातल्याच मुली, त्यातही ज्यांच्या घरी पाणी भरायला दुसरे कोणी आहे त्या. दहावी आली की 'अभ्यास' म्हणून बंद. काही वावगे घडल्याची कुणकुण लागली की सगळ्याच मुलींचे बंद. १९९४ साली जळगावात मुलींना फसवून, फोटोंच्या धाकात ठेवून त्यांचे शोषण केल्याचे प्रकरण उघडकीला आले. तेव्हापासून 'पोरी घरात ठेवा' हेच उत्तर आपण पुनःपुन्हा ऐकत आलो आहोत. गुन्हा करणाऱ्याला मोकळे रान आणि मुलीला कोंडणे, ही सुरक्षितता नव्हे. तालमीला शिक्षिका हजर असणे, दार उघडे असणे, तक्रार कुठे करायची हे मुलींना आधी सांगितलेले असणे, ही सुरक्षितता.

म्हणून माझे म्हणणे चार गोष्टींचे आहे. प्रत्येकीने आपल्या गावातल्या एका शाळेत जावे आणि मुख्याध्यापकांना भेटून तालीम शाळेच्या वेळातच घ्यायला सांगावे. संहिता मुलामुलींनी मिळून, आपापल्या बोलीत रचावी; आपण फक्त प्रश्न विचारावेत. बाईचे पात्र हसण्यासाठी वापरू नये, मुलग्याने केले तरी. आणि प्रयोगाला आयांना मुद्दाम बोलवावे. मजुरी बुडू नये म्हणून तो संध्याकाळी लवकर, वस्तीवर करावा.

सुरुवातीला एकच प्रवेश पुरे. असोद्याचे घर, लग्नाच्या आदली रात्र, तेरा वर्षांची मुलगी आणि तिची आई. त्या दोघी काय बोलल्या असतील, एवढे वर्गात विचारा आणि फळ्यावर लिहीत जा. एका तासात प्रवेश तयार होईल. तो करायला मुलींना जागा आणि वेळ मिळवून देणे, हे आपले काम.