नकारपत्रानंतर

बेळगावातील एका शाळेत शिकविणाऱ्या बाई कल्पनेने डोळ्यांसमोर आणाव्यात. वय ४४, उंची १५६ सेंटिमीटर, वजन ९२ किलो. मधुमेह जडून बारा वर्षे झालेली, आणि दोन वेळा इन्सुलिन घेऊनही साखर आटोक्यात राहत नाही. रात्री झोपेत श्वास अडतो, दचकून जाग येते. दुपारच्या तासाला फळ्यापाशी उभ्या असतानाच डोळे मिटू लागतात. डॉक्टरांनी जठरावरील शस्त्रक्रियेचा सल्ला दिला. सहा वर्षे न चुकता आरोग्यविम्याचा हप्ता भरलेला असल्यामुळे खर्चाची काळजी नाही, असे घरातील सर्वांनी गृहीत धरले. आणि एके दिवशी विमा कंपनीचे पत्र आले: वजन कमी करण्याचे उपचार पॉलिसीत बसत नाहीत, सबब मागणी अमान्य करण्यात येत आहे.

पत्र कपाटात, साड्यांच्या घडीखाली गेले. भेटायला आलेली नणंद सहज बोलून गेली, "वहिनी, चार घास कमी खाल्ले असते, तर पोट कापायची पाळी आली असती का?" बाई काही बोलल्या नाहीत. मनातून त्यांनाही तसेच वाटत होते.

अशा बाई आणि असे गृहस्थ गावोगाव आढळतील. हृदयविकाराच्या रोग्याचा दावा कंपनीने फेटाळला, तर सारे घर संतापते, ओळखीचा वकील गाठते, कागदपत्रे गोळा करते. स्थूल माणसाचा दावा फेटाळला, तर तो संतापण्याऐवजी वरमतो. आपल्या तोंडावर ताबा नव्हता, त्याचे हे फळ, असे मानून तो पत्राची घडी घालतो. वस्तुतः ते पत्र म्हणजे एका कराराच्या एका कलमाचा कंपनीने लावलेला अर्थ असतो. तो अर्थ बरोबर असेल किंवा चूकही असेल. परंतु त्याचा माणसाच्या शीलाशी काही संबंध नसतो. ही गोष्ट एकदा मनात पक्की ठसली, म्हणजे पुढची वाट दिसू लागते.

प्रथम शस्त्रक्रियेविषयी. हिला सौंदर्यवर्धनाचा उपचार समजण्याची चूक घरातही होते आणि कंपनीच्या टेबलावरही होते. वजनासाठी आतड्यांवरील पहिल्या शस्त्रक्रिया अमेरिकेत १९५० नंतरच्या दशकात झाल्या. १९६० नंतरच्या दशकात आयोवा येथील शल्यविशारद एडवर्ड मेसन यांनी जठराला वळसा देणारी शस्त्रक्रिया रूढ केली. आज अधिक प्रचलित असलेल्या एका प्रकारात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून उरलेल्याची अरुंद नळी केली जाते. त्यामुळे जेवण थोडक्यात पुरते, हे उघडच आहे. पण तेवढ्यावर तिचे काम संपत नाही. भूक चेतविणारा एक अंतःस्राव जठराच्या त्याच भागात मोठ्या प्रमाणावर तयार होतो आणि तो शस्त्रक्रियेनंतर कमी होतो. अनेक रोग्यांची साखर वजन पुरते उतरण्याच्या आधीच खाली येऊ लागते. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या एका दीर्घ अभ्यासात सुमारे चार हजार स्थूल स्त्रीपुरुषांचा मागोवा घेण्यात आला. शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचे प्रमाण इतरांहून कमी आढळले, असा निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाला. भूक आणि वजन केवळ इच्छाशक्तीच्या हाती नसते, याचा याहून निराळा पुरावा हवा कशाला?

आता कलमाकडे वळावे. पूर्वी कित्येक पॉलिसींत स्थूलतेवरील उपचार सरसकट वगळलेले असत. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली अपवादांच्या कलमांची भाषा ठरवून दिली. त्या ठरावीक भाषेप्रमाणे पुढील अटी पुऱ्या होत असतील, तर हे अपवादाचे कलम लागू पडत नाही. शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने व्हावी, ती मान्य वैद्यकीय पद्धतीला धरून असावी, रोग्याचे वय १८ किंवा अधिक असावे, आणि बी.एम.आय. नावाचा निर्देशांक ४० किंवा त्याहून अधिक असावा. तो ३५ किंवा त्याहून अधिक असला तरी चालते. मात्र मग सौम्य उपाय थकलेले असावेत आणि चार गंभीर विकारांपैकी एखादा तरी असावा. स्थूलतेमुळे दुर्बळ झालेला हृदयाचा स्नायू, हृदयाच्या रोहिणींचा विकार, झोपेत श्वास अडण्याचा तीव्र विकार आणि आटोक्यात न येणारा दुसऱ्या प्रकारचा मधुमेह, हे ते चार विकार होत.

हा निर्देशांक काढणे अवघड नाही. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. बेळगावच्या बाईंची उंची १.५६ मीटर, तिचा वर्ग सुमारे २.४३. वजन ९२ ला त्याने भागले असता ३७.८ येतात. आकडा ३५ च्या वर आहे, आटोक्याबाहेरचा मधुमेह आहे आणि श्वास अडण्याचा विकारही आहे. म्हणजे ज्या पॉलिसीच्या आधारे त्यांना नकार मिळाला, तिच्यात हे ठरावीक कलम असेल, तर ते त्यांच्याच बाजूने बोलते! मात्र ही बेरीज कोणीतरी कागदावर मांडून दाखवावी लागते.

म्हणून पहिले काम हे, की नकारपत्र कपाटातून काढावे आणि त्यात कारण कोणते दिले आहे ते पाहावे. दावा नाकारताना पॉलिसीतील नेमकी कोणती अट आड येते, ते कंपनीने कळविले पाहिजे, असा २०२४ पासून नियामकाचा दंडक आहे. पत्रात मोघम भाषा असेल, तर ते कलम लेखी मागून घ्यावे. आपली पॉलिसी प्रथमपासून अखेरपर्यंत वाचावी. कचेरीतर्फे काढलेल्या सामूहिक पॉलिसीच्या अटी वेगळ्या असू शकतात, तेव्हा ती प्रतही कचेरीतून मिळवावी. आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. रुग्णालयात रोख न भरता उपचार मिळण्याची, म्हणजे कॅशलेसची परवानगी नाकारली गेली, म्हणून दावाच बुडाला असे होत नाही. खर्च करून मागाहून भरपाई मागण्याचा हक्क शिल्लक राहतो. पण तेवढी रक्कम आधी उभी करणे सर्वांना झेपत नाही, म्हणून नियोजित शस्त्रक्रियेत वाद शक्यतो आधीच मिटवून घेणे शहाणपणाचे.

नकाराची कारणे बहुधा चारपाच ठरावीक असतात आणि प्रत्येकाचे उत्तर निराळे असते. "हा सौंदर्याचा उपचार आहे" असे म्हटले असेल, तर शल्यविशारदाकडून सविस्तर पत्र घ्यावे. त्यात उंची, वजन, निर्देशांक, सोबतचे विकार आणि शस्त्रक्रिया न झाल्यास संभवणारा धोका यांचा स्पष्ट उल्लेख असावा. "विकार सिद्ध होत नाही" असे म्हटले असेल, तर मधुमेहासाठी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे अहवाल आणि श्वासासाठी रात्रभराच्या झोपतपासणीचा अहवाल जोडावा. "सौम्य उपाय केले नाहीत" या आक्षेपाला तोंडी उत्तर पुरत नाही. वर्षानुवर्षे केलेला आहार, चालणे, घेतलेली औषधे हे सारे घराला ठाऊक असते. पण कागदावर त्याची खूण नसते. आहारतज्ज्ञाच्या चिठ्ठ्या, जुनी औषधपत्रे, वजनाच्या नोंदी शोधून तारखेप्रमाणे लावाव्यात. पहिल्या तपासणीच्या दिवशीचे वजन तर अवश्य लेखी असावे. कारण शस्त्रक्रियेपूर्वी काही आठवडे दिल्या जाणाऱ्या आहाराने वजन उतरते, आणि मग तोच उतरलेला आकडा रोग्याच्या विरुद्ध दाखविला जाण्याचा संभव असतो.

प्रतीक्षाकालाचे कारण दिलेले असेल, तर दिनांक मोजावेत. विमा घेण्याआधीपासून असलेल्या आजारासाठी कंपनीला ३६ महिन्यांहून अधिक थांबविता येत नाही, अशी मर्यादा २०२४ साली आली. पूर्वी ती ४८ महिन्यांची होती. आजार लपविल्याचा ठपका असेल, तर प्रस्तावपत्रात काय लिहिले होते ते पाहावे. त्याच वर्षीच्या नियमांप्रमाणे सलग ६० महिने विमा चालू राहिल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज माहिती दडविल्याच्या कारणावरून दावा फेटाळता येत नाही. अर्थात जी गोष्ट खरोखरच लपविली असेल, तिला कोणतेही पत्र झाकू शकणार नाही. प्रस्तावपत्र भरताना प्रतिनिधीच्या हाती कोरी सही देण्याची सवय किती महाग पडते, ते अशा वेळी उमगते.

एवढी तयारी झाल्यावर कंपनीच्या तक्रार-निवारण अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करावा आणि पोच घ्यावी. अर्ज थोडक्यात असावा: कलम काय म्हणते, आपली स्थिती काय आहे, कोणता कागद ते दाखवितो. रागाची वाक्ये गाळावीत. ती खरी असली तरी उपयोगी पडत नाहीत. एका महिन्यात उत्तर न आल्यास, किंवा आलेले उत्तर समाधानकारक नसल्यास, विमा लोकपालाकडे जाता येते. ही व्यवस्था १९९८ च्या नियमांनी सुरू झाली आणि २०१७ च्या नियमांनी तिला आजचे रूप मिळाले. तेथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. २०२३ पासून ५० लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी लोकपालाच्या कक्षेत येतात, आणि त्याने दिलेला निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी कुटुंबांना येथे एक घोटाळा पडतो. पत्रव्यवहार पुण्यामुंबईच्या कचेरीशी झालेला असतो, म्हणून तक्रारही तेथेच करावी असे वाटते. परंतु तक्रारदार जेथे राहतो, तेथील लोकपालाकडे जाण्याची मुभा त्याला आहे. बेळगावकरांसाठी बेंगळुरूचे कार्यालय, इंदूर व ग्वाल्हेर येथील रहिवाशांसाठी भोपाळचे, बडोदेकरांसाठी अहमदाबादचे, हैदराबादकरांसाठी हैदराबादचेच आणि गोमंतकीयांसाठी मुंबईचे. अर्ज टपालाने वा संगणकावरूनही पाठविता येतो.

ग्राहक आयोगाचा दरवाजाही खुला आहे. तेथे दोन वर्षांची मुदत असते. मात्र आयोगापुढे प्रकरण चालू असताना तेच प्रकरण लोकपाल हाती घेत नाही. म्हणून बिनखर्चाची पायरी आधी चढावी आणि खर्चाची मागाहून, हा क्रम बहुतेकांना सोयीचा ठरतो.

येथवरचे विवेचन ज्यांचे म्हणणे कलमात बसते त्यांच्यासाठी झाले. पण काहींचे म्हणणे खरेच बसत नाही, आणि त्यांना खोटी आशा दाखविणे बरे नव्हे. निर्देशांक ३३, मधुमेह अनावर, डॉक्टर शस्त्रक्रिया हवी म्हणतात, कलम मात्र ३५ वर अडून बसलेले! ३५ आणि ४० हे आकडे अमेरिकेत १९९१ साली भरलेल्या तज्ज्ञपरिषदेच्या शिफारशींतले आहेत. आशियाई देहात तेवढ्याच वजनाला चरबी अधिक असते, हे नंतर पुष्कळ स्पष्ट झाले. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली एक बोलके उदाहरण मांडले. दोघांचाही निर्देशांक २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांच्या ठायी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या ठायी २१.२ टक्के. २०२२ साली शल्यविशारदांच्या दोन आंतरराष्ट्रीय संस्थांनीही जुने आकडे खाली आणले आणि आशियाई लोकांसाठी ते आणखी खाली धरावेत असे सुचविले. शास्त्र पुढे गेले आणि विम्याचे कलम मागे राहिले, अशी ही स्थिती आहे.

लोकपाल करार नव्याने लिहून देऊ शकत नाही. त्यामुळे अशा रोग्याने लढ्यात वर्ष घालविण्यापेक्षा डॉक्टरांशी पुन्हा बसून विचार करावा. काही सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया कमी खर्चात होते. भूक आवरणारी नवी इंजेक्शनेही आता उपलब्ध आहेत, तीही केवळ डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेण्याजोगी. विमा बदलून अधिक उदार पॉलिसी घ्यावयाची असल्यास, जुन्या पॉलिसीत काढलेला प्रतीक्षाकाल नव्या कंपनीत जमा धरला जातो. पण तो बदल नूतनीकरणापूर्वी रीतसर करावा लागतो. घाईने दागिने मोडणे किंवा जबर व्याजाचे कर्ज काढणे हा मात्र शेवटचाच उपाय असावा. शस्त्रक्रियेनंतरही जन्मभर जीवनसत्त्वे आणि तपासण्या यांचा खर्च चालूच राहतो, हेही हिशेबात धरले पाहिजे.

बेळगावच्या त्या बाईंपाशी पुन्हा यावे. त्यांना सर्वांत कठीण जाणारे काम कागद जमविण्याचे नव्हे, ते कपाट उघडण्याचे आहे. आपले वजन, आपली साखर, आपले फसलेले प्रयत्न हे सारे परक्या अधिकाऱ्यापुढे आकड्यांत मांडावयाचे, याचा संकोच मोठा असतो. तो एकट्याने पेलवत नाही. अशा वेळी घरच्यांनी सल्ला आवरून फाइल हाती घ्यावी. नवऱ्याने जुनी औषधपत्रे शोधावीत, मुलाने तारखा लावाव्यात, आणि ज्या नणंदेने चार घासांचा हिशेब मांडला, तिने वहिनीबरोबर टपालकचेरीपर्यंत चालत जावे. निकाल काय लागेल ते कोणी सांगू शकत नाही. पण न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर नेहमी नकारच असते, आणि सहा वर्षे हप्ते भरणाऱ्या माणसाला प्रश्न विचारण्याचा अधिकार निश्चितच आहे.