वऱ्हाडच्या उन्हाळ्यात नेच्यांची बाग



वऱ्हाडात घरापाशी नेचे लावावेत, असे म्हटले की ऐकणारा प्रथम हसतो; आणि ते हसणे अगदीच अस्थानी असते असे नाही. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि अमरावतीही त्याच्या फार मागे नसते. जेथे दुपारच्या झळांनी अंगणातील जाईजुई करपते, तेथे ओलसर सावलीत वाढणाऱ्या या कोमल वनस्पतीचा निभाव कसा लागावा?

तथापि या भूमीला नेचा परका नाही. सुमारे १,१०० मीटर उंचीवरील चिखलदऱ्याच्या परिसरात पावसाळ्यात ओढ्यांचे काठ आणि दरडींच्या कपारी नेच्यांनी हिरव्या होतात. सपाटीवर मात्र तो पाहावयाचा असेल, तर एखाद्या जुन्या, दगडी बांधणीच्या विहिरीत डोकावावे. चुन्याच्या सांध्यांतून हंसराजाच्या काळ्या, केसासारख्या बारीक देठांचे झुबके लोंबताना दिसतात. वर ऊन रणरणत असते आणि चार हात खाली ही हिरवाई सुखाने नांदत असते. तेथे सावली असते, पण नुसती सावली नव्हे. हवा स्तब्ध व दमट असते, झळ पोहोचत नाही, आणि मुळांशी ओल असूनही पाणी साचत नाही. घराच्या उत्तरेकडील पडवीत सावली भरपूर आहे, तरीही नेचा का वाळला, या प्रश्नाचे उत्तर या विहिरीत आहे. वऱ्हाडात नेच्याचा खरा शत्रू ऊन नसून कोरडा वारा आहे.

ही गोष्ट या भागातील पानमळेवाल्यांनी फार पूर्वी ओळखली. अंजनगाव सुर्जी आणि अकोट परिसरातील नागवेलीचे व पानपिंपरीचे मळे पाहिल्यास त्यातील शहाणपण ध्यानात येते. शेवरी, हादगा, पांगारा, शेवगा यांचा आधार वेलीला द्यावयाचा, त्यांचीच विरळ सावली वर धरावयाची, मळ्याभोवती दाट कूड घालून वारा अडवावयाचा, आणि पाणी थोडे पण वारंवार द्यावयाचे. घराच्या बागेत याहून निराळे काही करावयाचे नाही. पश्चिमेच्या बाजूस तट्ट्या किंवा गोणपाट बांधावे, कुंड्या एकेकट्या न ठेवता दाटीने ठेवाव्यात आणि त्यांच्याखाली वाळू पसरून ती ओली राखावी.

लंडनमधील डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांनाही १८२९ च्या सुमारास हेच उमगले, पण अपघाताने. धुराने काळवंडलेल्या त्या शहरात त्यांच्या बागेतील नेचे जगत नव्हते. पतंगाचा कोश ठेवलेल्या एका बंद बाटलीतील ओल्या मातीत मात्र एक नेचा आपोआप उगवला. पुढे अशा काचपेट्यांतून जगभर रोपे जहाजाने जाऊ लागली. आपल्याकडेही रुंद तोंडाच्या बरणीत हंसराज उत्तम राहतो. बरणी उन्हात ठेवू नये एवढेच, नाही तर आतील रोप शिजून निघेल.

मातीबद्दल स्पष्टच सांगावयास हवे. कपाशीला प्रिय असलेली काळी माती नेच्याला मानवत नाही. ती पावसात चिकटून बसते, उन्हात भेगाळते आणि नाजूक मुळे तोडते. कुजलेला पालापाचोळा, जाड वाळू, विटांचे तुकडे आणि थोडा कोळसा यांचे मिश्रण घ्यावे. नवशिक्याने आरंभ रोपवाटिकेत मिळणाऱ्या बोस्टन नेच्यापासून करावा, कारण तो पुष्कळ सोसतो. हंसराज तसा मानी आहे. एक दिवस पाणी चुकले की रुसतो. ज्याला पाणी घालण्याचा कंटाळा आहे, त्याने मयूरशिखेचे कौतुक करावे. खडकांच्या फटींतील हा छोटा पंख्यासारखा नेचा कोरड्या दिवसांत आक्रसून मेल्यासारखा पडतो आणि पाऊस येताच पुन्हा उलगडतो.

खरा प्रश्न पाण्याचा. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरला आहे. तेथील विहिरीचे पाणी कुंडीत घातले की पानांच्या कडा तपकिरी होतात आणि मातीवर पांढरा थर चढतो. कूलरच्या टाकीत उरलेले पाणी तर त्याहून वाईट, कारण पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. साबणाचे पाणीही नको. भाजी व तांदूळ धुतलेले पाणी चालते. सर्वांत उत्तम ते पागोळीचे. छपरावरील पावसाचे पाणी झाकलेल्या टाकीत साठविले, तर आठ-दहा कुंड्यांना बराच काळ पुरते. ज्या गावात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथे नेच्यासाठी पिण्याच्या पाण्यातला एक तांब्याही काढणे योग्य नाही.

चिखलदऱ्याहून परतणारे पर्यटक कधी कधी नेचे मुळासकट उपटून आणतात. १९७३ साली सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होते. अभयारण्य व राष्ट्रीय उद्यानातून परवानगीवाचून वनस्पती काढण्यास १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने मनाई आहे. शिवाय थंड, दमट कपारीतील ते रोप अकोल्याच्या हवेत क्वचितच तग धरते.

त्यापेक्षा शाळेच्या पडवीत बीजाणूंपासून नेचे वाढवावेत. पानामागील तपकिरी ठिपके म्हणजे कीड नव्हे, ते बीजाणूंचे पुंजके होत. कित्येकजण ते पुसून टाकतात! असे पिकलेले पान कागदात गुंडाळून ठेवले की काही दिवसांत बारीक धूळ झडते. उकळत्या पाण्याने धुऊन थंड केलेली वीट पाण्याच्या थाळीत ठेवून तीवर ही धूळ भुरभुरावी आणि वर काच झाकावी. काही आठवड्यांनी विटेवर हिरवा लेप दिसतो, मग नखाएवढ्या बदामाच्या आकाराच्या चकत्या. या चकत्यांवर पाण्याचा पातळ थर असेल तरच फलन होते आणि पहिले पान फुटते. म्हणून पावसाळ्याच्या आरंभी पेरणी करावी, आणि दिवाळीच्या सुट्टीत थाळीतील पाणी पाहण्याचे काम शाळेजवळ राहणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याकडे सोपवावे.