ऊब आणि उकाडा

ऊब आणि उकाडा हे मराठीतले दोन अगदी वेगळे शब्द. गोधडीची ऊब, चुलीची ऊब, आजीच्या कुशीची ऊब असे आपण मोठ्या मायेने म्हणतो. उकाड्याच्या वाट्याला अशी माया कधी आलेली नाही. अमेरिकेतील घरविक्रीच्या जाहिरातींत मात्र 'वॉर्म' हा एकच शब्द वापरतात. तो जानेवारीचे वर्णन करतो आणि ऑगस्टवर पांघरूणही घालतो. थंड मुलुखातील बिऱ्हाड मोडून उबदार राज्यात कायमचे राहावयास जावे की न जावे, या प्रश्नाचा बराचसा घोळ या एका शब्दात आहे, असे मला वाटते.

आपल्याकडे सुखाची वाट नेहमी थंडाव्याकडे गेली. मुंबई इलाख्याचे सरकार उन्हाळ्यात दप्तरे घेऊन महाबळेश्वरास जाई. १८६४ पासून हिंदुस्थान सरकार शिमल्यास जाऊ लागले. आपल्यापैकी ज्यांना परवडते ते मे महिन्यात माथेरान गाठतात. मुद्दाम उन्हाकडे कोणी राहावयास जाईल, ही कल्पना नागपूर-अकोल्याच्या माणसाला तरी विनोदी वाटेल. परंतु अमेरिकेत नेमके हेच घडले आहे. १९५० साली फ्लोरिडा राज्याची वस्ती सुमारे २८ लाख होती. २०२० च्या शिरगणतीत ती २ कोटी १५ लाखांवर गेली. ॲरिझोना हे वाळवंटी राज्य. तेथे त्याच काळात साडेसात लाखांची ७१ लाख झाली. २०१४ साली फ्लोरिडाने लोकसंख्येत न्यूयॉर्क राज्यालाही मागे टाकले.

हा प्रश्न आता केवळ अमेरिकनांचा राहिलेला नाही. १९६५ साली तेथील स्थलांतराचा कायदा बदलल्यानंतर जे मराठी तरुण शिकण्यासाठी आणि नोकरीसाठी मिशिगन, मिनेसोटा, न्यू जर्सी अशा उत्तरेच्या राज्यांत गेले, त्यांतील कित्येक आज सेवानिवृत्त आहेत. त्यांच्या घरांतून 'आता टेक्सासला जावे का, फ्लोरिडास जावे का' हा खल चालू असतो, आणि फोनवरून तो पुण्या-नागपुरापर्यंत पोहोचतो.

प्रथम थंडीची बाजू नीट मांडली पाहिजे. आपण बर्फ पाहतो तो चित्रांत किंवा सहलीत. मिनियापोलिस शहरात जानेवारीचे सरासरी तपमान शून्याखाली नऊ अंशांच्या आसपास असते. डिसेंबरात तेथे दुपारी साडेचारलाच सूर्य मावळतो. घरापुढचा बर्फ फावड्याने काढणे ही हौस नव्हे. अनेक शहरांत पदपथ मोकळा ठेवणे हे घरमालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. पंचविशीत हे काम व्यायाम म्हणून होते, सत्तरीत त्याच कामाने छातीत कळ येते. पाय घसरला तर खुब्याचे हाड मोडते, आणि त्या वयात मोडलेला खुबा पुष्कळदा माणसाला अंथरुणाशी बांधून टाकतो. २०२२ च्या डिसेंबरात न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहरावर जे हिमवादळ कोसळले, त्यात त्या परिसरात ४० हून अधिक माणसे दगावली. काही मोटारींत अडकून गेली, काही स्वतःच्या घरांत. तेव्हा थंडीला कंटाळून दक्षिणेकडे निघालेल्यांना सुखलोलुप म्हणून हसणाऱ्यांनी एकदा ते फावडे हाती धरून पाहावे.

उन्हाळी मुलूख राहण्याजोगा झाला तो मुख्यतः एका यंत्रामुळे. विलिस कॅरियर या अभियंत्याने १९०२ साली ब्रुकलिन येथील एका छापखान्यासाठी हवा आटोक्यात ठेवण्याची योजना तयार केली. हेतू माणसांच्या सुखाचा नव्हता. दमट हवेने कागद फुगत असे आणि रंगांची छपाई बिघडत असे, एवढेच. दुसऱ्या महायुद्धानंतर खिडकीत बसवावयाची स्वस्त यंत्रे घरोघर आली. १९३५ च्या कायद्याने वृद्धांना निवृत्तिवेतन मिळू लागले आणि १९६५ साली त्यांच्या औषधोपचाराची तरतूद झाली. पैसा गावाशी बांधलेला राहिला नाही. तो माणसामागून कोठेही येऊ लागला. १ जानेवारी १९६० रोजी फीनिक्सजवळ डेल वेब या बांधकाम व्यावसायिकाने केवळ वयस्कांसाठी 'सन सिटी' नावाची वसाहत उघडली. पहिल्या तीन दिवसांत सुमारे एक लाख माणसे ती पाहून गेली असे सांगतात. ते दिवस जानेवारीचे होते, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

उबदार राज्यांचे दुसरे आकर्षण करांचे. फ्लोरिडा आणि टेक्सास येथे राज्याचा प्राप्तिकर नाही. मी सरकारी चाकरीतला माणूस. जेथे एक कर दिसत नाही तेथे दुसरा कोठे आहे, हे पाहण्याची मला सवय आहे. टेक्सासात घरावरचा मालमत्ता कर अमेरिकेतील चढ्या करांपैकी एक आहे. फ्लोरिडात १९९५ पासून असा नियम आहे की, राहत्या घराचे करासाठीचे मूल्यांकन वर्षाला तीन टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही. नियम दयाळू आहे. पण घर विकले गेले की ते मूल्यांकन बाजारभावावर येते. परिणामी एकाच रस्त्यावर, एकसारख्या दोन घरांत, जुन्या रहिवाशाचा कर थोडा आणि उत्तरेहून आलेल्या नवागताचा त्याच्या कितीतरी पट, असे होते. शिवाय, ज्यांनी उत्तरेचे घरही राखले आहे त्यांनी दिवसांचा हिशेब ठेवला पाहिजे. न्यूयॉर्कमध्ये कायमचे घर आणि वर्षातील १८३ दिवसांहून अधिक मुक्काम असला, तर तेथील करखाते त्या माणसाला आपलाच रहिवासी मानते.

करात वाचलेले पुष्कळदा विम्यात जाते. फ्लोरिडाला चक्रीवादळांचा शाप आहे. १९९२ च्या 'अँड्र्यू' वादळानंतर दहाहून अधिक विमा कंपन्यांचे दिवाळे वाजले. ज्यांना खाजगी कंपन्या विमा देत नाहीत त्यांच्यासाठी राज्याने २००२ साली स्वतःचे महामंडळ उभारले. २०२३ साली त्याच्याकडे १३ लाखांहून अधिक विमापत्रे होती. या महामंडळास मोठी तूट आली, तर ती भरून काढण्यासाठी त्याच्याशी संबंध नसलेल्या विमेदारांवरही आकार बसवण्याची तरतूद कायद्यातच आहे. म्हणजे शेजाऱ्याचे छप्पर उडाले तर त्याची वर्गणी आपल्या बिलात. पुन्हा, घराच्या साध्या विम्यात पुराचे नुकसान धरलेले नसते. त्यासाठी वेगळे विमापत्र घ्यावे लागते. २०२२ च्या सप्टेंबरात 'इयन' वादळाने समुद्र घरांत आणला, तेव्हा हा भेद अनेकांच्या फार उशिरा ध्यानात आला.

सदनिकांची कथाही अशीच. २४ जून २०२१ रोजी मायामीजवळ सर्फसाइड येथे समुद्रकाठची एक बहुमजली इमारत अपरात्री कोसळली आणि ९८ माणसे गेली. पुढच्या वर्षी राज्याने कायदा करून जुन्या इमारतींची तपासणी आणि दुरुस्तीचा राखीव निधी सक्तीचा केला. कायदा योग्यच होता. परंतु वर्षानुवर्षे टाळलेला खर्च एकदम अंगावर आला, आणि ठरीव निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या वृद्धांच्या हाती हजारो डॉलरांच्या वर्गणीची पत्रे पडली.

आता उकाड्याचे. २०२३ साली फीनिक्स शहरात ३० जूनपासून ३० जुलैपर्यंत सलग ३१ दिवस पारा रोज ४३ अंशांवर गेला. विदर्भातील श्रोते म्हणतील की, त्यात नवल ते काय! नवल रात्रीचे आहे. त्याच जुलैत सलग १६ रात्री तेथील पारा ३२ अंशांखाली उतरलाच नाही. दिवसभर तापलेले डांबर आणि काँक्रीट रात्रभर उष्णता सोडत राहते. फीनिक्स ज्या मॅरिकोपा काउंटीत आहे, तेथे त्या एका वर्षात उष्म्याशी निगडित ६४५ मृत्यूंची नोंद झाली. त्यांत उघड्यावर राहणारे पुष्कळ होते. पण घरात मरण पावलेल्यांची नोंद मला अधिक विचार करावयास लावते. त्यांतील बहुतेकांच्या घरी थंड हवेचे यंत्र होते. ते चालत नव्हते, एवढेच. २०१८ साली त्याच परिसरात थकलेल्या बिलापोटी वीज तोडली गेल्यावर एका वृद्ध स्त्रीचा राहत्या घरी उष्म्याने अंत झाला. त्यानंतर २०१९ साली राज्याने उन्हाळ्यात अशी वीज तोडण्यास मनाई केली. थंड प्रदेशात हिवाळ्यातील उष्णता ही जीवनावश्यक गोष्ट, हे फार पूर्वीपासून मान्य होते. उन्हाळ्यातील थंडावाही तसाच जीवनावश्यक, हे मान्य व्हावयास एवढा काळ आणि असे मरण लागले.

याच्या उलट प्रकारही पाहण्यासारखा आहे. २०२१ च्या फेब्रुवारीत टेक्सासवर कडाक्याची थंडी आली. घरांचे नळ उघडे, वीजकेंद्रे थंडीसाठी बांधलेली नव्हती. दिवसेंदिवस लाखो घरे अंधारात राहिली. राज्याच्या नोंदीप्रमाणे २४६ माणसे मृत्यू पावली. मिनेसोटात तेवढी थंडी कोणाच्या ध्यानातही आली नसती.

पाण्याविषयी थोडेच सांगतो. कोलोरॅडो नदीचे पाणी १९२२ च्या कराराने सात राज्यांत वाटले गेले. परंतु ते वाटप ज्या वर्षांच्या मोजणीवर झाले, ती वर्षे भरपूर पाण्याची होती. नदीत नसलेले पाणी कागदावर वाटले गेले. कृष्णेच्या तंट्याची कागदपत्रे ज्यांनी चाळली आहेत त्यांना हे परके वाटणार नाही. ॲरिझोना ते पाणी सुमारे ५४० किलोमीटरच्या कालव्याने, पंपांनी चढवून आणतो. २०२१ साली त्या नदीवर प्रथमच टंचाई जाहीर झाली आणि पुढील वर्षी ॲरिझोनाचा हिस्सा सुमारे १८ टक्क्यांनी कमी करण्यात आला. कपातीचा मोठा भार शेतकऱ्यांवर पडला. फीनिक्स परिसरात नवी वसाहत बांधावयाची तर शंभर वर्षांच्या पाण्याची हमी दाखवावी लागते. २०२३ च्या जूनमध्ये राज्याने केवळ भूजलाच्या भरवशावरील नव्या वसाहतींची मंजुरी थांबवली. म्हणजे तेथे गेल्यावर घर मिळेल. ते घर तीस वर्षांनी मुलांना विकता येईल काय, हा प्रश्न मात्र आजच विचारला पाहिजे.

माझे एक मावसभाऊ मूळचे अकोल्याचे आणि गेली तीस-बत्तीस वर्षे मिनियापोलिसला आहेत. सेवानिवृत्तीनंतर त्यांनी फीनिक्सचा ध्यास घेतला. 'अकोल्याचे उन्हाळे काढलेला मी, मला तो उकाडा काय करणार?' हे त्यांचे म्हणणे. वहिनींचे म्हणणे निराळे. त्या म्हणाल्या, 'अकोल्यात उकाडा होता, पण रात्री गच्चीवर पाणी मारून अंथरुणे घालत होतो. शेजारची चार घरे तेथेच झोपायला. त्या गावी उन्हाळ्यात रस्त्यावर माणूस दिसत नाही. तुम्ही म्हणता तो उन्हाळा तो नव्हे.' मला वहिनींच्या बोलण्यात सरकारी अहवालांहून अधिक तथ्य दिसले. दादांना आठवत होता तो पारा. वहिनींना आठवत होता त्या पाऱ्याखालचा गाव.

उत्तरेत तीस वर्षे काढलेल्या माणसाचे डॉक्टर, शेजारी, गणपतीला आरतीसाठी जमणारी मंडळी हे सारे त्याच गावी असते. सत्तरीत ते नव्याने जमवणे सोपे नाही. दोघांपैकी एक गेल्यावर मागे राहिलेल्याचे काय, हा प्रश्न अशा बेतांत बहुधा कोणी उच्चारत नाही. वस्तुतः तोच पहिला असावयास हवा. मुले उत्तरेतच असतील, तर हाकेच्या अंतरावरचा मुलगा विमानाच्या अंतरावर जातो. नातवंडांच्या शाळेला सुटी लागते ती उन्हाळ्यात, म्हणजे आजोबांच्या नव्या गावी घराबाहेर पाऊल टाकवत नाही तेव्हा.

तरीही जाऊच नये असे मी म्हणणार नाही. संधिवाताने आखडलेले सांधे उबेत मोकळे झाल्याचे अनेक जण सांगतात, आणि बारमाही फिरावयास मिळाल्याने ज्यांची प्रकृती सुधारली त्यांचे समाधान खोटे नाही. ज्यांची मुले टेक्सासातच आहेत, त्यांचा तर प्रश्न जवळजवळ सुटलेलाच असतो. इतरांनी उत्तरेचे घर विकण्यापूर्वी एक ऑगस्ट महिना तेथे भाड्याने राहून काढावा. त्या दिवसांत भाडीही उतरलेली असतात. घर पसंत करण्यापूर्वी त्याच घराच्या विम्याचा आकडा लेखी मागावा, आधीच्या मालकाचे करबिल पाहून समाधान मानू नये आणि इमारत असल्यास तिच्या राखीव निधीचे कागद पाहावेत. केवळ हिवाळ्यापुरते दक्षिणेस जाणाऱ्यांना तिकडे 'स्नोबर्ड' म्हणतात. हा मार्ग दुहेरी खर्चाचा आहे, पण त्यातून परतता येते. फ्लोरिडास गेलेल्या आणि तेथील उकाड्याला विटून अर्ध्या वाटेवर कॅरोलायनाच्या डोंगरांत स्थिरावलेल्या लोकांनाही त्यांनी 'हाफबॅक' असे नाव दिले आहे, यावरून अशी माणसे बरीच असावीत.

मावसभावांचे तूर्त असे ठरले आहे: जानेवारी ते मार्च फीनिक्सजवळ भाड्याचे घर, बाकीचे नऊ महिने मिनियापोलिस. बर्फ काढण्यासाठी शेजारचा एक विद्यार्थी पगारावर ठेवला आहे. यंदाच्या ऑगस्टात दोघे तीन आठवडे तिकडे राहून येणार आहेत. तिकिटे वहिनींनी काढली आहेत.