पावसाळ्यातली गाणशाळा

गाण्याची शाळा म्हटलं की पेटी-तबल्याचा क्लास आठवतो. पण आपल्या संगमनेरचा तमाशाचा फड ही केवढी मोठी शाळा! फडातली लेकरं पडद्याआड बसून, ऐकत ऐकतच ढोलकीचा ताल नि लावणी शिकतात. कांताबाई सातारकर इथल्याच. २०२१ साली गेल्या. बाईमाणसानं फड चालवला, पुरुषांच्या भूमिकाही गाजवल्या. तरी तमाशातल्या बाईला हळदीकुंकवाचं बोलावणं क्वचितच.

दसऱ्याला फड बाहेर पडतात, चैत्र-वैशाखात जत्रा करतात. पावसाळ्यात घरी, नि कमाई बंद. त्याच दिवसांत फडातल्या बायांना गटात बोलवायचं, पोरींसकट गाणं शिकायचं, असं आम्ही ठरवलंय. फुकट नाही हं! मानधनासाठी महिन्याला दहा-दहा रुपये वेगळे काढतोय.