नेमकं किती वाजता?

डोक्याला मार लागलेला किंवा लकवा मारलेला पेशंट अपघात विभागात आला की डॉक्टरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : हे नेमकं किती वाजता झालं? सोबतच्यांची उत्तरंही बहुधा ठरलेलीच. “सकाळीच झालं, साहेब.” “रात्रीपासून जरा जीभ जड वाटत होती.” “आम्ही रानात होतो, पोराचा फोन आला.” माणूस मरणाच्या दारात आणि डॉक्टर वेळ काय विचारत बसलेत, असं नातेवाइकांना वाटणं साहजिक आहे. पण गेल्या तीस वर्षांत मेंदूवरच्या उपचारांचे जे मोठे अभ्यास जगभर झाले, त्यातले कितीतरी शेवटी घड्याळापाशीच येऊन थांबले. आज त्याच अभ्यासांबद्दल बोलू.

आधी लकवा. “अंगावरून वारं गेलं,” असं आपण म्हणतो. खरा बिघाड मात्र मेंदूतल्या रक्तवाहिनीत असतो. ती गुठळीने बंद होते, नाहीतर फुटते. मोसंबीच्या बागेत ठिबकची नळी तुंबली तरी पुढचं झाड सुकतं आणि फुटली तरी सुकतं; नुसतं झाड बघून कारण कळत नाही. इथेही तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं, ही लक्षणं दोन्हीकडे सारखीच दिसतात. उपाय मात्र एकमेकांच्या विरुद्ध. गुठळी असेल तर ती विरघळवायची. रक्तस्राव असेल तर तेच औषध जिवावर बेतेल. कोणतं काय, हे सिटी स्कॅन केल्यावरच कळतं. म्हणून शेजारच्या हार्टच्या पेशंटची रक्त पातळ करायची गोळी घरच्या घरी देऊ नका.

गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा निर्णायक अभ्यास 1995 साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यात 624 पेशंट होते. लक्षणं दिसल्यापासून तीन तासांच्या आत काहींना औषध दिलं, काहींना औषधासारखं दिसणारं पण परिणाम नसलेलं द्रव्य. कोणाला काय मिळणार हे डॉक्टरने ठरवायचं नाही, जणू चिठ्ठी टाकूनच ठरायचं. डॉक्टरच्या हाती निवड दिली की तो नकळत बरे होण्याजोगे पेशंट आपल्या आवडत्या औषधाकडे वळवतो, म्हणून ही खबरदारी. तीन महिन्यांनी पाहिलं, तेव्हा औषध मिळालेल्यांत अपंगत्व न राहण्याची किंवा नावापुरतंच राहण्याची शक्यता निदान 30 टक्क्यांनी जास्त होती. पण मेंदूत रक्तस्राव होण्याचं प्रमाणही शंभरात सहाच्या वर गेलं. दुसऱ्या गटात ते शंभरात एकही नव्हतं. फायदा आणि धोका, दोन्ही खरे. वेळ जाते तसा फायदा आटतो आणि धोका तेवढा उरतो. 2008 साली युरोपातल्या अभ्यासाने ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढवली. पुढे याच कुळातलं, एकाच दमात टोचता येणारं टेनेक्टेप्लेज आलं आणि ते आपल्या पुण्यातही तयार होऊ लागलं.

मोठी रक्तवाहिनी बंद पडली तर मिनिटाला साधारण 19 लाख चेतापेशी मरतात, असं गणित 2006 साली एका अमेरिकी मेंदूतज्ज्ञाने मांडलं. आता आपला हिशोब करा. मंठ्याहून किंवा जाफराबादहून निघायचं, जालन्यात पोचायचं, तिथून लागलंच तर आणखी साठेक किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरला जायचं. साडेचार तास ऐकायला पुष्कळ वाटतात. पण गाडी शोधण्यात, भावकीला विचारण्यात आणि अंगाला तेल चोळण्यात दोन तास गेले तर हाती काय उरतं?

आणि झोपेतच लकवा मारला तर? तेव्हा वेळ जाग आल्यापासून मोजत नाहीत. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला, तिथून मोजतात. रात्री दहाला जेवून बोलत बसले होते, पहाटे पाचला उठवताना हात उचलेना, तर डॉक्टरांना दहाची वेळ सांगायची. ही माहिती कुठल्याच मशीनकडे नसते, घरच्यांकडेच असते.

“हे शहरातल्या माणसांचे आजार,” असं कुणी म्हणेल. आपल्याच राज्यात गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या डॉक्टरांनी 86 गावांतले मृत्यू तपासले. 2015 साली निष्कर्ष छापून आला : त्या गावांत मृत्यूचं सर्वांत मोठं कारण लकवा, दर सात मृत्यूंमागे एक. त्यातली बहुतेक माणसं घरीच गेली.

रक्तवाहिनी फुटून झालेल्या लकव्यात फारसं काही करता येत नाही, असा समज बरीच वर्षं होता. 2023 साली दहा देशांतल्या सात हजारांवर पेशंटचा अभ्यास आला. त्यात भारतही होता. त्यात महागडं नवं औषध नव्हतं. वाढलेलं बीपी तासाभरात वरच्या आकड्यात 140 च्या खाली आणायचं, साखर आणि ताप आटोक्यात ठेवायचा, पेशंट रक्त पातळ करायच्या गोळ्या घेत असेल तर त्यांचा असर उतरवायचा. ही चार कामं एकत्र आणि वेळेत केली, तर माणसं जास्त वाचली आणि जास्त चांगली सावरली.

आता डोक्याचा मार. समृद्धी महामार्ग आपल्या जालना जिल्ह्यातून जातो, एमआयडीसीतली ट्रकची ये-जा आहे, आणि उसाच्या हंगामात अंबड-घनसावंगीकडे अंधारात लाल दिवा नसलेल्या ट्रॉल्या. मोटारसायकलवरचा माणूस पडला की पहिला घाव डोक्यावर.

डोक्याला मार लागला की मेंदू सुजतो, आणि स्टेरॉइडने सूज उतरते, मग स्टेरॉइड द्यावं; हा तर्क इतका सरळ होता की तीसेक वर्षं जगभर अनेक डॉक्टर तसं करत राहिले. शेवटी ‘क्रॅश’ नावाचा मोठा अभ्यास झाला. 20 हजार पेशंट घ्यायचे ठरले होते. 2004 साली 10,008 वरच तो थांबवावा लागला. दोन आठवड्यांत स्टेरॉइड न मिळालेल्यांपैकी हजारी 179 दगावले, मिळालेल्यांपैकी 211. औषधाने माणसं मरत होती, आणि एकेका डॉक्टरला ते दिसणं शक्य नव्हतं. गंभीर पेशंट दगावला की “मारच मोठा होता” असंच वाटणार. एवढी माणसं एकत्र मोजली तेव्हाच ते उघड झालं.

त्याच मालिकेतला ‘क्रॅश-3’ 2019 मध्ये आला. औषध ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, म्हणजे पाळीत जास्त रक्त जाणाऱ्या बायकांना देतात तेच, जुनं आणि स्वस्त. सगळ्या पेशंटचा एकत्र हिशोब केला तर फायदा पुसट होता. पण सौम्य आणि मध्यम मार असलेल्यांना तीन तासांच्या आत ते मिळालं, तर डोक्याच्या मारामुळे होणारे मृत्यू हजारी 75 वरून 58 वर आले. अतिगंभीर पेशंटना उपयोग झाला नाही.

सौम्य कोण आणि गंभीर कोण, हे ठरवायची मोजपट्टी 1974 साली ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी दिली. डोळे उघडतो का, बोलतो का, हातपाय हलवतो का, एवढंच पाहायचं. सगळं ठीक तर 15 गुण, काहीच नाही तर 3. आपणही ढोबळपणे हे बघू शकतो. पडल्यावर नाव-गाव नीट सांगणारा माणूस तासाभराने गुंगायला लागला, त्याला सारख्या उलट्या व्हायला लागल्या, तर आत रक्त साचत असू शकतं. “झोपू द्या, सकाळी बघू,” म्हणू नका. तोंडाला दारूचा वास येतोय म्हणून “उतरली की उठेल,” असंही म्हणू नका. प्यायलेल्या माणसाचंही डोकं फुटतं.

तेव्हा लक्षात ठेवायचं ते असं. हसायला सांगा, तोंड वाकडं होतंय का बघा. दोन्ही हात वर करायला लावा, एक खाली पडतो का बघा. एक वाक्य बोलायला लावा. यातलं एकही बिघडलं, किंवा डोक्याला मार लागला, की घड्याळ बघा, वेळ कागदावर लिहा आणि 108 ला फोन करा. पाणी पाजू नका, श्वासनलिकेत जातं. चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या. रस्त्यावर अनोळखी माणूस पडलेला दिसला तरी थांबा. मोटार वाहन कायद्यात 2019 साली घातलेल्या कलमाने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे.

एक शेवटची गोष्ट. 2024 पासून जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. उद्या असा एखादा अभ्यास आपल्याकडे सुरू झाला आणि तुमच्या माणसासाठी कुणी संमतीचा कागद पुढे केला, तर घाबरून नाही म्हणू नका आणि न वाचता सहीही करू नका. कागद मराठीत मागा. विचारा : नैतिकता समितीची परवानगी आहे का? देशाच्या नोंदवहीत हा अभ्यास नोंदलाय का? इजा झाली तर भरपाई कोण देणार? आम्ही नाही म्हटलं तरी नेहमीचे उपचार मिळणार ना? हे विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे, आणि नाही म्हणण्याचाही. उत्तरं पटली तर जरूर हो म्हणा. स्टेरॉइड घातक आहे हे ‘क्रॅश’मधल्या त्या 10,008 पेशंटमुळे कळलं, आणि आज आपल्या अपघात विभागात ते टाळलं जातं त्याचं श्रेय त्यांनाही आहे.